मासा आपल्याला ओळखतो, की हातातल्या डब्याला?

ओपाकाठ (फोंडा), ६ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. आमच्या घरी दोन वर्षांपासून तीन फुटी टाकीत दोन गोल्डफिश आहेत आणि गेल्या डिसेंबरपासून मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर, वेगळ्या टाकीत, एक निळा फायटर मासा आहे. सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आले की दोन्ही गोल्डफिश माझ्या बाजूच्या काचेशी येतात आणि मी खोली ओलांडून जाईपर्यंत आतून माझ्या सोबतीने पोहत राहतात. यजमान त्याच खोलीतून दहा वेळा गेले तरी मासे जागचे हलत नाहीत. सासूबाईंचे म्हणणे असे की ही पोटाची ओळख आहे आणि दाणे घालणारा हात बदलला की ओळखही बदलेल. मुलगी पाचवीत आहे. तिला हे मुळीच मान्य नाही आणि गेले चार दिवस घरात याच विषयावर बोलणे चालू आहे.

कुत्र्यामांजरांना लळा कसा लावावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. माशांविषयी विचारले की जो तो पाणी कधी बदलायचे तेवढेच सांगतो. मासा खरोखर माणूस ओळखतो का, त्याला काही शिकवता येते का, आणि त्याला त्रास न देता त्याच्याशी जवळीक वाढवायची तर रोज नेमके काय करावे, हे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जांभादगड (म्हापसा), ६ जुलै, रात्री १०.१५

तुमच्या सासूबाईंशी मी सहमत आहे. वीस वर्षे मासे पाळल्यानंतर मी हे लिहीत आहे. मासा शिकतो याविषयी मला शंका नाही, परंतु अमुक आकृती दिसली की अन्न मिळते एवढेच तो शिकतो आणि त्याला माया म्हणणे म्हणजे आपले मन त्याच्या अंगावर चढवणे होय.

आणखी एक गोष्ट काळजीने सांगतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की ते आपल्याला बोलावत आहेत असे पुष्कळांना वाटते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत टाकीतले पाणी तिशीच्या वर तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि गोल्डफिश तर मुळात थंड पाण्याचा मासा आहे. पहाटे दिवा लावण्याआधी, खोलीत कोणी नसताना, मासे पृष्ठभागाशी तोंड लावून असतील तर ते स्वागत नाही, त्यांचा श्वास अडकत आहे. आधी हवेचा पंप पाहावा आणि ओळखीचा विचार नंतर करावा. फायटरचे मात्र वेगळे आहे. त्याच्या डोक्यात हवेतून श्वास घेण्याचा स्वतंत्र अवयव असल्यामुळे तो मधूनमधून वर येणारच.

काणकोणचा मास्तर (काणकोण), ७ जुलै, सकाळी ७.०५

ओपाकाठ ताई, तुमच्या मुलीला सांगा की तिचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका मोठ्या शास्त्रज्ञालाही पडला होता. मासे बहिरे असतात असे त्या काळी जाणकारही मानत असत. कार्ल फॉन फ्रिश यांनी मांगूरसारखा मिशा असलेला एक छोटा मासा (कॅटफिश) पाळला, त्याला दृष्टी नव्हती, आणि दर वेळी अन्न देण्याआधी ते शीळ घालत. काही दिवसांतच तो मासा नुसती शीळ ऐकून आपल्या नळीतून बाहेर येऊ लागला. शीळ घातली की येणाऱ्या या माशावरचा त्यांचा निबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावणारे हेच फॉन फ्रिश, ज्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गोल्डफिश, मांगूर, टेट्रा आणि कार्पच्या कुळातील मासे यांच्या शरीरात वायूची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी लहान हाडांची एक साखळी असते. पाण्यातून येणारा आवाज पिशवीला हलवतो आणि ती हालचाल साखळीवाटे कानापर्यंत जाते, म्हणून या माशांचे कान इतर अनेक माशांपेक्षा तीक्ष्ण असतात. याचा उपयोग मी स्वतः करून पाहिला आहे. निवृत्तीनंतर देवघरातली एक लहान पितळी घंटा टाकीच्या लाकडी मांडणीवर ठेवली. रोज सकाळी साडेसातला ती दोनदा वाजवायची, मनात पाच अंक मोजायचे आणि मगच दाणे टाकायचे, असा नेम ठेवला. अकराव्या दिवशी घंटा वाजली आणि माझा हात अजून डब्याकडे वळलेलाही नव्हता, तेव्हा तिन्ही मासे वर आलेले होते. घंटा आधी आणि अन्न नंतर हा क्रम एकदाही उलटा होऊ न देणे एवढेच पथ्य आहे. क्रम उलटला तर घंटेला काही अर्थ उरत नाही.

गोल्डफिशची स्मृती तीन सेकंदांची असते ही समजूत निराधार आहे. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठात गोल्डफिशना कळ दाबून अन्न मिळवायला शिकवले गेले. पुढे ती कळ दिवसातून एकच तास चालेल अशी व्यवस्था केली, तेव्हा मासे तो तास ओळखून त्याच वेळी कळ दाबू लागले. ज्या जिवाला वेळ कळते त्याच्याबद्दल आपण जरा आदराने बोलावे असे मला वाटते.

निळाई (पणजी), ७ जुलै, दुपारी १.३०

मास्तर, आपला अनुभव वाचून फार आनंद झाला. मी फायटरविषयी लिहिते, कारण ताईंच्या मुलीच्या टेबलावर तोच आहे. गोल्डफिशकडे असलेली ती हाडांची साखळी फायटरकडे नसते, त्यामुळे त्याला शिकवताना मी डोळ्यांवर भर देते.

एका बारीक पांढऱ्या काडीच्या टोकाला मी लाल मणी बसवला आहे. पहिले तीन दिवस काडी फक्त काचेबाहेर धरली. मासा पर मिटून कोपऱ्यात गेला तर त्या दिवसाचा धडा तिथेच संपवायचा. तो पर मोकळे ठेवून पाहत राहिला तर काडी पाण्यात बोटभर उतरवायची. त्याने मण्याकडे नुसते तोंड वळवले तरी लगेच एक दाणा द्यायचा. मग मण्याच्या दिशेने पोहला तर, आणि शेवटी मण्याला तोंड लावले तरच दाणा, अशी एकेक पायरी चढत जायचे. अडचण अशी येते की दाणा पाण्यात पडेपर्यंत मासा दुसरेच काही करू लागतो आणि बक्षीस कशाचे मिळाले ते त्याला कळत नाही. म्हणून त्याने मणी शिवला की त्याच क्षणी मी छोट्या विजेरीचा प्रकाश बाजूच्या भिंतीवर एकदा चमकवते आणि मग दाणा टाकते. चमकले म्हणजे जमले, हे त्याला चौथ्या-पाचव्या दिवशी उमगले. तीन आठवड्यांत तो मण्यामागे टाकीभर फिरू लागला आणि दीड महिन्यात रुंद कड्यातून पलीकडे जाऊ लागला.

एक धडा तीन-चार मिनिटांचाच ठेवावा आणि बक्षिसाचे दाणे दिवसाच्या पाच-सहा दाण्यांतूनच काढावेत. वेगळे खाऊ घातले तर पोट फुगते आणि उरलेले अन्न कुजून पाण्यात अमोनिया होतो.

उडी मारायला मात्र शिकवू नका. माझा पहिला फायटर पाण्यावर धरलेल्या बोटावरून दाणा घ्यायला उडी मारत असे आणि मला त्याचे फार कौतुक होते. एका रात्री झाकण अर्धवट राहिले. सकाळी तो जमिनीवर सापडला. बोट दिसले नाही तरी वर उडी मारली की काही मिळते एवढे मीच त्याच्या मनात घातले होते. त्यानंतर मी कोणत्याही माशाला उडी शिकवलेली नाही.

सत्तरीकर (वाळपई), ७ जुलै, रात्री ८.५०

माझी घरची टाकी नाही, परंतु देवस्थानांच्या पाण्यातले मासे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीला गेलो होतो. नदीच्या त्या डोहात देवीचे म्हणून जपलेले महसीर आहेत आणि तिथे कोणी गळ टाकत नाही. शृंगेरीला तुंगेच्या घाटावरही तसेच. तिथे मी जे पाहिले ते या प्रश्नाशी जोडून पाहावे असे वाटते. चुरमुरे पाण्यात पडण्याआधीच, माणसांच्या सावल्या पायऱ्यांवर आल्याबरोबर, मासे काठाशी जमू लागतात. आता तिथे रोज नवी माणसे येतात, म्हणजे त्या माशांना कोणी एक माणूस ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. त्यांना ती जागा ठाऊक आहे आणि त्या जागी आजवर कधी घात झालेला नाही हेही ठाऊक आहे. तुमच्या घरच्या माशांनाही आधी जागा, मग वेळ आणि मग माणूस, अशा क्रमाने ओळख होत असावी असा माझा अंदाज आहे.

देवळांच्या तळ्यांत लोक पाव आणि बिस्किटे टाकतात ते मात्र थांबायला हवे.

भरतीओहोटी (चोडण), ८ जुलै, रात्री १०.२०

सत्तरीकर, जागेविषयीचे तुमचे म्हणणे मला पटले आणि माझा अनुभव त्याला थोडा पुढे नेतो. आमच्या खाजन शेतीच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या) मानशीजवळ, म्हणजे पाणी आतबाहेर सोडणाऱ्या दाराजवळ, मिळालेली चार लहान काळुंदरे (खाडीतले मासे) मी साडेचार फुटी टाकीत, तिथलेच मचूळ पाणी भरून ठेवली होती. बाजारातला मासा माणसांच्या हालचालीत वाढलेला असतो. ही खाडीतली पोरे होती. कोणी खोलीत आले की चौघेही दगडामागे जात आणि मी समोर असेपर्यंत खात नसत. पंधरा दिवस मी त्यांना जवळ आणण्याचा प्रयत्न केला, म्हणजे हात पाण्यात घातला, काचेवर बोट फिरवले, आणि दर वेळी ती अधिकच दूर गेली.

मग सगळे सोडून दिले. लपायला आणखी एक फुटका माठ आडवा ठेवला आणि रोज संध्याकाळी सात ते आठ टाकीपासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून वाचत बसलो. टाकीकडे पाहिलेही नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांतले एक बाहेर येऊन माझ्या समोर चरू लागले आणि चार दिवसांत बाकीची तिघे त्याच्या मागे आली. एकाला भीती वाटत नाही हे पाहून दुसऱ्याची भीती जाते, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर दोन महिन्यांत ती माझ्या बोटातून उकडलेला वाटाणा घेऊ लागली. लपायला जागा दिली तर मासा लपूनच बसेल असे लोक म्हणतात. माझ्याकडे उलटे झाले. लपण्याची खात्री मिळाली म्हणून ती बाहेर आली.

पुढे त्यांतली एक जोडी लागली. काळुंदर कठीण जागेवर अंडी चिकटवते आणि नर-मादी दोघेही राखण करतात, परांनी पाण्याचा वारा घालतात. त्या दिवसांत माझ्या हातातून खाणाऱ्या त्याच माशाने माझ्या बोटाला चावा घेतला. मला त्याचे वाईट वाटले नाही. माझी ओळख त्याच्या अंड्यांपेक्षा मोठी असावी अशी अपेक्षा मी का करावी?

तुळशीवृंदावन (म्हार्दोळ), ९ जुलै, सकाळी ६.४५

आमच्याकडे रोज पहाटे भजनाची ध्वनिफीत लागते आणि त्या वेळी गोल्डफिश टाकीच्या त्याच बाजूला येऊन राहतात. त्यांना संगीत कळते असे समजावे का?

काणकोणचा मास्तर (काणकोण), ९ जुलै, सकाळी ७.१५

आवाज त्यांना निश्चित पोहोचतो, कारण मी वर सांगितलेली हाडांची साखळी. अमेरिकेतील एका संशोधिकेने २००१ साली असे दाखवले की कोई जातीचे मासे ब्लूज आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत यांत फरक करायला शिकू शकतात आणि पूर्वी न ऐकवलेल्या रचनाही योग्य गटात घालू शकतात. आवडण्याविषयी मी काही म्हणणार नाही, फरक कळतो एवढे खरे. तुमच्याकडे भजनानंतर लगेच दाणे पडत असतील तर भजन हीच त्यांची घंटा झाली आहे. ध्वनिवर्धक टाकीच्या मांडणीवर ठेवलेला असेल तर तो दुसरीकडे हलवावा. काचेवर टिचकी मारणेही याच कारणासाठी वाईट, कारण आत तो आवाज आपल्याला ऐकू येतो त्याहून फार मोठा होतो.

जांभादगड (म्हापसा), ९ जुलै, रात्री ९.३०

मास्तरांच्या घंटेविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु मूळ प्रश्न मासा शिकतो का असा नव्हता, माणूस ओळखतो का असा होता. घंटा कोणीही वाजवली तरी मासे येतील. ओपाकाठ ताईंकडे मासे त्यांच्याकडे येतात आणि यजमानांकडे जात नाहीत, यात त्यांना नेमके काय दिसते? चेहरा, चालण्याची ढब, साडीचा रंग, की स्वयंपाकघराच्या दारातून येणे? हे तपासता येईल. एक दिवस ताईंनी नेहमीपेक्षा अगदी वेगळे कपडे घालून दुसऱ्या दारातून, डबा न घेता यावे. दुसऱ्या दिवशी यजमानांनी ताईंची ओढणी घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून यावे. दोन्ही वेळी दाणे घालू नयेत आणि खोलीत दुसरे कोणी असू नये. काय घडते ते कृपया जसेच्या तसे लिहावे.

निळाई (पणजी), ९ जुलै, रात्री १०.०५

हाच प्रयोग समुद्रात झालेला आहे. कॉर्सिका बेटाजवळ जर्मन संशोधकांनी जंगली माशांना एका पाणबुड्या बाईच्या मागे यायला शिकवले. ती आधी तांबडे जाकीट घाली, मग ते काढले, तरी मासे पन्नास मीटर तिच्या मागे येत. पुढे दोन पाणबुडे एकाच वेळी उतरले तेव्हा मासे बक्षीस देणाऱ्याच्याच मागे गेले. मात्र दोघांनी अगदी एकसारखी साधने घातली तेव्हा माशांना फरक करता आला नाही. हा निबंध २०२५ च्या फेब्रुवारीत आला आहे. म्हणजे माणूस ओळखला गेला, परंतु त्याच्या पेहरावाच्या बारीक खुणांवरून.

आणि चेहऱ्याचे म्हणाल तर पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारा आर्चर मासा पडद्यावर दाखवलेल्या चौवेचाळीस अनोळखी चेहऱ्यांमधून शिकवलेला एक चेहरा ओळखून त्यावरच पिचकारी मारतो, हे २०१६ साली प्रयोगात दिसले आहे.

साळावली (सांगे), ११ जुलै, दुपारी ४.१०

ऑस्कर माशाचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? माझ्याकडचा ऑस्कर सहा वर्षांचा आणि फूटभर लांब आहे. टाकीतले दगड हलवले की तो तळाशी आडवा पडून राहतो, दोन दिवस खात नाही आणि माझ्याकडे पाठ करतो. घरच्यांना तो रुसला असे वाटते. मी त्याला रुसवा म्हणत नाही, परंतु त्याची खोली त्याला न विचारता बदलली गेली याचा त्याला ताण येतो हे निश्चित. म्हणून आता मी एका वेळी एकच कोपरा साफ करतो.

तो हातातून खातो आणि कधीकधी तळहाताला अंग घासून जातो. परंतु मी स्वतः त्याला कुरवाळत नाही, कारण माशाच्या खवल्यांवरचा बुळबुळीत थर हेच त्याचे रोगांपासूनचे कवच असते. हातावर साबण, तेल किंवा डासांचे मलम असताना हात पाण्यात घालू नये. बोटाला जखम असेल तर मुळीच घालू नये. टाकीतल्या एका जिवाणूमुळे माझ्या बोटावर गाठी आल्या होत्या आणि कित्येक आठवडे औषध घ्यावे लागले. तेव्हापासून टाकीतून हात काढला की लगेच धुण्याचा नेम आहे.

दीपमाळ (मडगाव), ११ जुलै, रात्री ८.००

वास्तुदोष जाईल असे कोणीतरी सांगितले म्हणून आमच्याकडे दुकानाच्या गल्ल्यामागे फ्लॉवरहॉर्न मासा आणला गेला. दोष गेला की नाही ते मला सांगता येणार नाही, पण आज त्या माशाशिवाय दुकान उघडावेसे वाटत नाही. शटर वर गेले की तो काचेशी येतो आणि माझे बोट जाईल तिकडे जातो.

जांभादगड (म्हापसा), ११ जुलै, रात्री ८.४०

दीपमाळ, आपला जिव्हाळा खरा आहे याविषयी मला शंका नाही. परंतु फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्कर हे आपली हद्द राखणारे मासे आहेत. बोटामागे धावताना त्याचे कल्ले फुगलेले आणि अंगावरचे पट्टे गडद झालेले असतील तर तो आपल्याशी खेळत नाही, आपल्याला हाकलत आहे. गल्ल्यामागे बसेल एवढ्या टाकीत हा मासा वाढू शकत नाही. त्याला चार-साडेचार फुटी टाकी द्यावी आणि मग शांत असताना तो आपल्याकडे कसा येतो ते पाहावे.

दीपमाळ (मडगाव), १२ जुलै, सकाळी ९.१५

व्हिडिओ काढून पुन्हा पाहिला. कल्ले फुगलेले आहेत. मोठ्या टाकीची चौकशी आजच करतो. सांगितल्याबद्दल आभार.

शितकडी (डिचोली), १३ जुलै, दुपारी २.३०

विषयाला धरूनच एक मनातले विचारते. मासेमारीबंदीच्या दिवसांत आमच्याकडे सुक्या माशांचे कालवण असते. माझ्या नातवाने परवा ताटाकडे आणि मग टाकीकडे पाहिले आणि जेवला नाही. अशा वेळी मुलांना काय सांगावे?

ओपाकाठ (फोंडा), १३ जुलै, रात्री ९.१०

शितकडी आजी, माझ्या मुलीनेही हेच विचारले होते. मी तिला खरे तेच सांगितले की आपण मासे खातो, आणि जो जीव आपण घरात आणला त्याची जबाबदारी वेगळी असते. ती बांगडा खाते, परंतु ज्या दिवशी गोल्डफिश आजारी होता त्या दिवशी तिने खाल्ला नाही. मी आग्रह केला नाही. आपणही नातवाला काही दिवस द्यावेत.

आता जांभादगड यांनी सुचवलेला प्रयोग. पहिल्या दिवशी मी कधीच न वापरलेला पांढरा ड्रेस घालून, केस बांधून, बाहेरच्या दारातून रिकाम्या हाताने आले. मासे लगेच आले नाहीत. मी टाकीसमोर उभी राहिले. मुलगी पडद्याआड घड्याळ घेऊन बसली होती, ती म्हणते बावीस सेकंद लागले, आणि मग दोन्ही मासे काचेशी आले. दुसऱ्या दिवशी यजमान माझी पिवळी ओढणी खांद्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून आले. मासे तत्काळ धावले, अगदी माझ्याकडे येतात तसे. परंतु काचेशी पोहोचल्यावर मोठा गोल्डफिश थोडा वेळ थांबला आणि मागे वळून झाडांकडे निघून गेला. लहान तिथेच राहिला. तिसऱ्या दिवशी यजमान ओढणीशिवाय आले तेव्हा कोणीच आले नाही.

जांभादगड (म्हापसा), १३ जुलै, रात्री ९.५०

फार नीट केलेत. ओढणी आणि दार या दोन खुणा दुरून काम करतात हे स्पष्ट आहे. परंतु बावीस सेकंदांनी का होईना ते तुमच्याकडे आले आणि मोठा मासा यजमानांपासून परत फिरला, या दोन गोष्टी केवळ ओढणीने उलगडत नाहीत. दोनच मासे आणि एकेकच वेळ असल्याने मी याहून पुढे जाणार नाही. मोठा मासा जवळून काहीतरी आणखी पाहतो असे मात्र आता मला मानावे लागते आहे.

सत्तरीकर (वाळपई), १४ जुलै, सकाळी ८.००

माणसेही दुरून आधी चालण्यावरून आणि कपड्यांवरून ओळखतात, चेहरा जवळ आल्यावर दिसतो.

भरतीओहोटी (चोडण), १४ जुलै, रात्री १०.३०

सत्तरीकर यांच्या या एका वाक्याने माझ्या मनातली गाठ सुटली.

ओपाकाठ (फोंडा), १० ऑगस्ट, रात्री ८.२०

बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे. चवथीला आम्ही पाच दिवस मूळ घरी केप्याला जाणार आहोत. शेजारच्या वहिनी दाणे घालायला तयार आहेत, परंतु अनोळखी हाताने मासे घाबरतील का आणि आजवरची सवय मोडेल का, ही चिंता आहे. शिवाय पावसात वीज जाते तेव्हा पंप बंद पडतो.

जांभादगड (म्हापसा), १० ऑगस्ट, रात्री ९.००

तुमचे मासे मोठे आणि निरोगी आहेत, पाच दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होणार नाही. शेजाऱ्यांच्या हातून होणारा अपाय नेहमी अधिक अन्नाचा असतो, कारण मासे मागतात आणि पाहणाऱ्याला दया येते. वहिनींना दाणे घालायला सांगूच नका, फक्त दिवा लावायला आणि पंप चालू आहे का ते पाहायला सांगा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मिळतो, तो लावून ठेवा. जाण्याच्या दोन दिवस आधी थोडे पाणी बदला. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन काढणारे थेंब घाला. सवयीची चिंता करू नका, पाच दिवसांत ती मोडत नाही.

काणकोणचा मास्तर (काणकोण), ११ ऑगस्ट, सकाळी ७.००

मी मुंबईला मुलाकडे तीन आठवडे होतो. परत आल्यावर पहिल्याच सकाळी घंटा वाजवली आणि तिघेही वर आले. तुमच्या मुलीला हे अवश्य सांगा.

ओपाकाठ (फोंडा), १९ ऑगस्ट, रात्री ९.३५

सर्वांचे मनापासून आभार. घरात आता नवी व्यवस्था झाली आहे. यजमानांनी स्वतःहून सकाळचे दाणे घालण्याचे काम मागून घेतले. मास्तरांच्या पद्धतीने घंटा वाजवायची, पाच मोजायचे, मग दाणे, असे ते नऊ दिवस करत आहेत आणि माझी ओढणी न घेता करत आहेत. संध्याकाळी आठ ते साडेआठ मुलगी भरतीओहोटी यांच्यासारखी टाकीशेजारी खुर्ची घेऊन अभ्यास करते. फायटरसाठी तिने लाल मण्याची काडी तयार केली आहे. काल त्याने मण्याकडे पहिल्यांदा तोंड वळवले. उडी शिकवायची नाही हे तिने वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.

त्याच वहीतली आजची नोंद तिच्या शब्दांत देते: ‘बाबांनी घंटा वाजवली. लहान मासा लगेच वर आला. मोठा अर्ध्यावर आला, बाबांकडे पाहिले, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून थांबला. आई आली नाही. मग त्याने दाणा खाल्ला.’